पहिलीत बसलेला मोडेम

वर्ध्याजवळच्या सेलूच्या आठवडी बाजारात सुलोचनाबाई एकदा "सावधान!" म्हणून ओरडल्या, तर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसलेला भाजीवाला अर्धी जुडी हातात धरून ताठ उभा राहिला. त्याला कुणी काही म्हटलंच नव्हतं. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी पोराला कडेवर घेऊन सायकलवाल्याच्या आडवी चालली होती, तिच्यासाठी तो हुकूम होता. पण बाईंचा आवाजच असा, की ज्याच्या कानावर पडेल त्याला तो आपल्यासाठीच वाटायचा. सायकलवालाही थांबला होता, हे वेगळं सांगायला नको.

गावातल्या मुलींच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं पी.टी. शिकवली. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पदर कमरेला असा खोचलेला की लग्नाच्या पंगतीतही सुटायचा नाही. त्यांच्या हाताखालून आया गेल्या, मग त्या आयांच्या लेकी गेल्या, आणि दोघींची तक्रार एकच. बाई सावधान म्हणतात, पण विश्राम म्हणायचं विसरतात. सावधान झालं की लगेच पळा. मधे पाय सैल सोडायची ती जी सवलत जगातल्या सगळ्या शाळांत असते, ती या शाळेत नव्हती. कुणी धीर करून विचारलंच तर बाई म्हणायच्या, "विश्राम घरी जाऊन करजा. इथं कायले आल्या मंग?"

घरी त्यांचा संसार प्रभाकररावांशी होता. हा माणूस इतका हळू बोलायचा की गिऱ्हाइकं कानामागे हात धरून "काय म्हन्लं?" विचारायची. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं वह्या-पेनांचं दुकान आणि त्यातच एसटीडीचा फोन. बायकोला तेही 'बाई'च म्हणत. कुणी चेष्टा केली तर म्हणत, "सारं गाव म्हन्ते, मी एकटाच येगळं काय म्हनू?"

अठ्ठ्याण्णव साली चौकातल्या मुकेशनं आपल्या दुकानात फॅक्सचं मशीन आणलं आणि गावात मिरवू लागला. प्रभाकररावांच्याही मनात फॅक्स आला. नागपूरचा ओमप्रकाश नावाचा माणूस जुने कॉम्प्युटर विकत असे. तो म्हणाला, "भाऊ, मशीन कायले घेता? हा डबाच फॅक्स करते." डबा म्हणजे मोडेम. वहीएवढा, समोर लाल दिव्यांची ओळ, मागून एक वायर कॉम्प्युटरला आणि एक फोनला. ओमप्रकाशनं सगळं जोडलं, कॉम्प्युटरमधे फॅक्सचा प्रोग्रॅम टाकला, दोन-तीन प्रश्न विचारले, प्रभाकररावांनी नेहमीच्या काटकसरीनं उत्तरं दिली, आणि पॅसेंजर चुकेल म्हणून तो पळाला. फॅक्स करून दाखवायचा राहिलाच.

तो राहिला तो राहिलाच. पुढच्या सहा महिन्यांत त्या डब्यातून एक कागद म्हणून गेला नाही. पाठवायचं बटण दाबलं की पडद्यावर 'एरर'. पुन्हा दाबलं की पुन्हा 'एरर'. ओमप्रकाश फोनवर सापडेना. शेवटी प्रभाकररावांनी कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण घातलं आणि वर गणपती ठेवला. मुकेश येता-जाता विचारी, "काय काका, देव फॅक्स करून राह्यला का?" प्रभाकरराव हसत. बाईंना मात्र राग येई, मुकेशचाही आणि डब्याचाही.

पण त्या हिवाळ्यात बाईंचं डब्याकडे लक्ष नव्हतं. त्यांचा जीव दुसरीकडे गुंतला होता. शाळेतल्या बारा मुलींनी खो-खोत नागपूर विभाग मारला होता. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा सेलूचा संघ राज्याच्या स्पर्धेला, साताऱ्याला जाणार होता. आणि डिसेंबरच्या एकतीस तारखेला बाई रिटायर होणार होत्या. एवढी वर्षं त्या दर हंगामात मुलींना घेऊन वर्ध्याला जात, तिथं हरत, आणि परतीच्या बसमधे एक अक्षर न बोलता खिडकीबाहेर पाहत. या वेळी जिंकून आल्या तेव्हाही बोलल्या नाहीत. नुसतं नाक पुसलं, म्हणाल्या सर्दी झाली.

आणि एका शनिवारी दुपारी साडेतीनला शाळेतला फोन वाजला. साताऱ्याहून संयोजकांचा कारकून बोलत होता. तुमच्या संघाची नावं आमच्याकडे आलेलीच नाहीत, म्हणाला. आज पाचपर्यंत सहीशिक्क्याचा कागद फॅक्स करा, नाहीतर विभागात दुसरा आलेला संघ घेतो. सगळ्यांचे कागद तपासून सहानंतर फोन करून सांगतो.

नावांचा कागद पंधरा दिवसांपूर्वी हेडमास्तर बाबारावांनी पोस्टात टाकायचा होता. बाबाराव ड्रॉवर उघडून पाहू लागले. बाईंनी त्यांना बाजूला सारलं आणि स्वतः हात घातला. कागद सुपारीच्या डब्याखाली होता. सही होती, शिक्का होता, वर डब्याचा गोल डागही होता.

"राहून गेलं पाहा," बाबाराव म्हणाले. "जाऊ द्या बाई. खो-खोच तं आहे. पुढच्या वर्षी पाहू."

"पुढच्या वर्षी मी कोठी राहीन? महिनाअखेर रिटायर होऊन राह्यली मी. अन् या पोट्ट्या दहावी होऊन जातीन. पुढच्या वर्षी काय तुमी पळान?"

बाबारावांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि ड्रॉवर लावून घेतला.

बाई मैदानावर आल्या, शिट्टी फुंकली, आणि सरावाच्या बाराही मुली रांगेत घेऊन तडक मुकेशच्या दुकानाकडे निघाल्या. मुकेशचं शटर खाली. शेजारी म्हणाला, तो मामेभावाच्या वरातीत नाचायले नागपूरले गेला. वर्ध्याची बस साडेचारची, म्हणजे पोचेपर्यंत पाच वाजून गेले असते. आता गावात फॅक्सचं नाव सांगणारी एकच वस्तू उरली होती, आणि तिच्यावर गणपती बसला होता.

दुकानासमोर बाईंनी मुलींना रस्त्याच्या कडेला उभं केलं, "सावधान!" म्हटलं आणि आत शिरल्या.

"काढा तो देव," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

प्रभाकररावांनी एकदा बायकोचा चेहरा पाहिला आणि गणपती काढला. साताऱ्याचा फोन इथंच यावा म्हणून बाईंनी कागदाच्या कोपऱ्यात दुकानाचा नंबर लिहिला. कागद कॉम्प्युटरमधे घ्यायला हातात धरायचा छोटा स्कॅनर होता, कागदावरून इस्त्रीसारखा सरळ ओढायचा. ते काम त्यांनी नीट केलं, त्यांचा हात हलका. मग पाठवायचं बटण दाबलं. 'एरर'. पुन्हा दाबलं. 'एरर'.

"पाहा," ते पुटपुटले. "आयकतच नाई तो."

"आयकत नाई म्हनजे? काय सांगतलं तुमी त्याले?"

"सांगतलं काई नाई. बटन दाबलं."

बाईंनी डोळे मिटले. न सांगता कुणी ऐकावं, ही अपेक्षाच त्यांना अडाणीपणाची वाटली. "याचं पुस्तक कोठी हाय?"

पुस्तक होतं. बारीक अक्षराची एक पातळ पुस्तिका. लाइट गेली की प्रभाकरराव तिनं वारा घेत. बाईंनी चष्मा लावला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कमांड्स'.

बाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. "सहा महिने ह्या घरात कमांडचं पुस्तक हाय, अन् मले नाई सांगतलं?"

पहिल्याच पानावर लिहिलं होतं की मोडेम कुठल्याही कंपनीचा असो, त्याला हेच ठरलेले हुकूम समजतात, आणि प्रत्येक हुकुमाच्या आधी AT ही दोन अक्षरं लिहावीत. एटी म्हणजे अटेन्शन. हे वाचून बाई खुर्चीत सरळ बसल्या. आधी सावधान, मग हुकूम. जगात कुठेतरी कुणीतरी त्यांच्यासारखाच विचार करणारा माणूस होता, आणि त्यानं तो विचार यंत्रात घातला होता!

फॅक्सच्या प्रोग्रॅममधे खाली एक रिकामी ओळ होती. तिच्यात लिहिलं की हुकूम थेट डब्याला जाई. बाईंनी एका बोटानं A दाबला, T दाबला, एंटर दाबलं. पडद्यावर उमटलं, 'ओके'.

"अग माय!" बाई म्हणाल्या. पुन्हा लिहिलं. पुन्हा 'ओके'. खोकला नाही, कुजबूज नाही, "बाई, पोटात दुखते" नाही. उगाच तिसऱ्यांदा लिहिलं.

"बाई, सवाचार झाले," प्रभाकरराव म्हणाले.

बाई भराभर वाचू लागल्या. ATZ, म्हणजे सगळं सोडून पहिल्यासारखा हो. "जैसे थे," बाई म्हणाल्या. ATH, फोन ठेव. "विसर्जन." ATA, वाजणारा फोन उचल आणि फॅक्सची शिट्टी दे. एटीए. बाईंनी अक्षरं जोडून वाचली आणि हसल्या. "हे तं मराठीच हाय. आता!"

आणि मग फॅक्सच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं, मोडेमला विचारा की त्याला कुठले क्लास येतात. हा प्रश्न बाईंना फारच पटला. कुठल्याही नव्या मुलीला त्या आधी हेच विचारत. त्यांनी पुस्तिकेतलं अक्षर न अक्षर पाहून लिहिलं, AT+FCLASS=? आणि एंटर दाबलं.

उत्तर आलं: 0,1

"शून्य अन् एक," बाई म्हणाल्या. "म्हनजे बालवाडी येते, अन् पहिली येते. बस."

मग त्यांनी प्रोग्रॅमची सेटिंगची पाटी उघडून पाहिली. तिथं ओमप्रकाशनं भरून ठेवलं होतं: क्लास 2.

"याले दुसरीत कोनं बसवलं?"

प्रभाकरराव खोकले. काउंटरवरच्या पेन्सिली सारख्या करू लागले. बत्तीस वर्षांत खोटं बोलणाऱ्या हजार मुली पाहिलेल्या बाईंना एवढं पुरे होतं.

"सांगा."

"ओमप्रकाशनं इचारलं का भाऊ, क्लास वन टाकू का क्लास टू. मले वाटलं, रेल्वेसारखं असन." प्रभाकररावांचा आवाज आणखी खाली गेला. "म्या म्हन्लं, सेकंडच टाक. आपल्याले कोठी फर्स्ट क्लासात मिरवाचं हाय? उगाच भाडं जास्त लागन."

बाईंना आधी राग आला, मग हसू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यानं ठसका लागला. "अहो, पोराले पहिलीच येते! अन् तुमी त्याले सहा महिने दुसरीत उभं केलं! एरर नाई देईन तं काय देईन बिचारा? मुकाट सोसून राह्यला, रडलासुदीक नाई!" आणि ज्या डब्याला सहा महिने शिव्या दिल्या होत्या त्याच्यावरून त्यांनी हात फिरवला.

पाटीवरचा दोन पुसून बाईंनी एक लिहिला. चार पस्तीस झाले होते. साताऱ्याचा नंबर लावला. एरर नाही! डब्यानं टुकटुक करत नंबर फिरवला, आणि पडद्यावर आलं, 'बिझी'. सगळ्या महाराष्ट्रातल्या विसरभोळ्या हेडमास्तरांचे कागद त्याच वेळी चालले असावेत.

पुन्हा लावणार तोच फोन वाजला. प्रभाकररावांनी उचलून बाईंच्या हातात दिला. बाबाराव होते. "बाई, म्या इचार केला, पोरींले दहा-दहा रुपये बक्षीस देऊ अन् मिटवू..." बाईंनी फोन आदळला. पुन्हा बिझी. चार त्रेचाळीस. पुन्हा फोन वाजला.

बाईंनी रिसीव्हरकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. बोट आपोआपच गेलं. A, T, A, एंटर.

डब्यानं फोन उचलला आणि अशी शिट्टी मारली की बाहेर उभ्या मुलीही दचकल्या. बाईंनी चार सेकंद ती शांतपणे ऐकली, मग विसर्जन केलं. पलीकडे शाळेच्या ऑफिसात काय झालं असेल ते डोळ्यांपुढे आणून त्यांना फार बरं वाटलं. तसं चांगलं नव्हतं ते. पण बरं वाटलं.

चार अठ्ठेचाळीसला साताऱ्याचा नंबर लागला. इकडून एक बारीक टुंई, तिकडून एक लांब शिट्टी, मग घरघर, मग पुन्हा टुंई. बाई मान वाकडी करून ऐकत होत्या. एकानं दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवून खो द्यावा, त्यानं उठून पळावं, तसंच चाललं होतं. लाल दिवे लुकलुकले. जया कॅप्टन, मयुरी, आणि खालची दहा नावं, सही, शिक्का, सुपारीच्या डब्याचा डाग, सगळं वायरीत शिरलं. पडद्यावर आलं, एक पान गेलं. घड्याळात चार पन्नास झाले होते.

गेलं, पण वाचता येण्यासारखं पोचलं का? ते साताऱ्याचा फोन आल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि फोन सहानंतर येणार होता. बाई स्टुलावर बसल्या. हात मांडीखाली घातले.

पाच वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"पुन्हा हा मानूस!" बाई उसळल्या, आणि प्रभाकरराव काही म्हणायच्या आत त्यांनी लिहिलं, ATA. डबा किंचाळला.

त्याच वेळी दुकानाच्या पायरीवर बाबाराव हेडमास्तर उभे राहिले, कानावर रुमाल धरून. "बाई, तुमचा फोन बिघडला का? म्या मघा लावला तं आतून माहा कान फोडला कोनं तरी. म्हनून पायी आलो."

बाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "तुमी इथं? मंग हा फोन कोनाचा?"

कोणाचा ते त्यांना विचारल्या-विचारल्या कळलं. साताऱ्याच्या कारकुनानं सहा वाजायची वाट पाहिली नव्हती. आणि त्याच्या कानात आपण शिट्टी मारली! पोरींच्या वर्षभराच्या घामावर, आपल्या बत्तीस वर्षांवर, एका खोडीनं पाणी फिरवलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांचं बोट ATH कडे धावलं, विसर्जन करावं, फोन तोडावा, पुन्हा लावून माफी मागावी...

"सावधान!"

दुकान हादरलं. काउंटरवरची पेन्सिल गडगडली. बाईंचे हात आपोआप खाली जाऊन मांड्यांना टेकले आणि त्या ताठ उभ्या राहिल्या. बाबारावही ताठ झाले, रुमाल पडला. हा आवाज प्रभाकररावांचा होता.

"हात नका लावू," ते पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. स्वतःच घाबरले होते. "मुकेशच्या दुकानात म्या रोज आयकतो. फॅक्स करनारा मानूस आधी फोन लावते अन् म्हन्ते, टोन द्या. हे शिट्टी म्हनजेच टोन. तुमी त्यानं मांगाच्या आधीच देऊन टाकली. त्याच्याजवळ कागद असन तं पाठवते तो. थांबा."

बाई थांबल्या. डब्यातून घरघर आली, मग टुंई. दिवे लुकलुकले. पडद्यावर वरून खाली, एकेक ओळ करत, एक हातानं लिहिलेला कागद उतरू लागला. 'सेलू संघ: नावे मिळाली. संघ मान्य. बारा मुली व एक शिक्षिका यांची राहण्याची सोय केली आहे.' आणि खाली, शिट्टी वाजत असतानाच घाईत खरडलेलं, जरा वाकडं: 'फोनवर कळवणार होतो, पण आपण न सांगता लगेच टोन दिलीत. इतके तत्पर कार्यालय आज दिवसभरात दुसरे भेटले नाही. आभार.'

बाबारावांनी ते मोठ्यानं वाचलं आणि कान चोळला. आपल्या कानात तत्परता कुणी ओतली होती ते त्यांना तेव्हा समजलं असावं, कारण ते बाईंकडे फार वेळ पाहत राहिले. बाई दुसरीकडे पाहत होत्या. त्यांना पुन्हा सर्दी झाली होती.

मग त्यांना एकदम बाहेरच्या मुली आठवल्या. तास होऊन गेला होता! त्या पायरीवर आल्या. रस्त्याच्या कडेला बाराही मुली तशाच उभ्या होत्या, हात शिवणीला, नजर समोर. एक बैलगाडी त्यांना वळसा घालून चालली होती. एकीच्या नाकावर माशी बसली होती आणि ती डोळे तिरके करून तिच्याकडे पाहत होती. कुणी हललं नव्हतं, कारण बाईंनी सांगितलं नव्हतं.

"साताऱ्याले जाऊन राह्यलो आपन," बाई म्हणाल्या.

मुलींचे डोळे चमकले, पण पाय जागचे हलले नाहीत. बाईंनी शिट्टी हातात घेतली, पुन्हा सोडली. 

"विश्राम," त्या म्हणाल्या.

कुणीच हललं नाही. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी टोकाची मयुरी हळूच म्हणाली, "बाई, त्याच्यात कोनता पाय हलवा लागते?"

बाई पायरी उतरून रांगेसमोर येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतःच डावा पाय बाजूला टाकला, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाल्या, "हा. असा."